कारवानी कुत्रा

कारवानी कुत्रा : दख्खनच्या पठारावर वाढलेली, नजरेने सावज हेरून धावत गाठणारी कुत्र्याची एक जात. मराठवाड्यात ती मुख्यतः लातूर व नांदेड जिल्ह्यांत पाळली जाते. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी विशेष ओळखले जाते. सीमेपलीकडे कर्नाटकात बागलकोट, विजयपूर या भागांतही हाच कुत्रा थोड्याफार फरकाने आढळतो. आखूड, अंगासरशी बसलेल्या केसांच्या कुत्र्यास कारवानी, तर कान, शेपटी व पायांच्या मागच्या बाजूस रेशमी झुलूप असलेल्यास पश्मी म्हणतात. ‘पश्म’ म्हणजे फार्सीत लोकर. पश्मी ही वेगळी जात मानावी की कारवानीचाच केसाळ प्रकार, याबद्दल मतभेद आहेत. दोघांची हाडाची ठेवण व धाव सारखीच असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

नावाचा प्रश्न : श्वानसंघांच्या नोंदींतही नावाबाबत एकवाक्यता नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया ‘कारवान हाउंड’ म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातील जुने घोरपडे संस्थान. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांची पैदास नेटाने केली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास भेट दिली. ‘मुधोळ’ हे नाव रूढ झाले ते तेव्हापासून, असे सांगतात. भारतीय टपाल खात्याने 2005 मध्ये देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांतही मुधोळ हेच नाव आहे. संस्थानाने जात जपली हे खरे, पण ती तेथेच निर्माण झाली असे त्यावरून ठरत नाही. लातूर-नांदेडकडचे पाळणारे पिढ्यान्‌पिढ्या ‘कारवानी’ म्हणत आले आहेत, म्हणून प्रस्तुत नोंदीत तेच नाव ठेवले आहे.

उगम : याविषयी तीन मते आहेत. सर्वांत प्रचलित मत ‘कारवान’ म्हणजे तांडा या फार्सी शब्दावर उभे आहे. इराण, अफगाणिस्तान व अरबस्तानातून आलेले व्यापारी आणि सैनिक यांनी सलुकी, ताझी यांसारखे कुत्रे बरोबर आणले आणि 1347 मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्याच्या गुलबर्गा व बीदर या राजधान्यांभोवती त्यांचा वंश पसरला, असे हे मत. सलुकीशी असलेले साम्य, विशेषतः पश्मीच्या कानांवरील झुलूप, त्यास पुष्टी देते.

दुसरे मत तांडा या शब्दाचा अर्थ अधिक जवळचा घेते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज शिकाऱ्यांच्या लेखनात दख्खनमधील बंजाऱ्यांच्या उंच, सडपातळ कुत्र्यांचे उल्लेख येतात व ते इराणी कुत्र्यांसारखे असल्याचेही म्हटलेले आढळते. बैलांच्या पाठीवर धान्य लादून मोगल फौजांना रसद पुरवणारे बंजारे उत्तरेतून दक्षिणेत येत-जात. रात्री तांड्याची राखण करणारा आणि दिवसा सशामागे सुटणारा कुत्रा त्यांना हवाच होता. मराठवाड्यातील आजची तांड्यांची वस्ती पाहता या मताकडे जेवढे लक्ष द्यायला हवे होते तेवढे दिले गेलेले नाही.

तिसऱ्या मताप्रमाणे शिकारी कुत्र्यांची परंपरा येथे मुसलमानी राजवटींपूर्वीची आहे. त्यासाठी दोन पुरावे महत्त्वाचे ठरतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (सु. 1130) शिकारी कुत्र्यांविषयी ‘सारमेयविनोद’ हा स्वतंत्र भाग आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्यातील उमरग्यापासून फार दूर नाही. दुसरा पुरावा कर्नाटकातील आतकूर येथील 949–50 चा शिलालेख. राष्ट्रकूट व चोळ यांच्यातील तक्कोलमच्या लढाईत पराक्रम गाजवलेल्या मणलेर या वीराने बक्षीस म्हणून ‘काळी’ नावाची कुत्री मागून घेतली. पुढे ती एका रानडुकरावर सोडली गेली व दोघेही एकमेकांना मारून मेले. तिच्या नावे दगड उभारला, त्यावर कुत्री व डुक्कर समोरासमोर कोरले आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. ती जमीन सांभाळणाऱ्या गोरवाने, म्हणजे पुजाऱ्याने, पूजेआधी जेवू नये, असेही लेखात बजावले आहे. हा लेख राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला. याच राजाच्या काळचा लेख नांदेड जिल्ह्यातील कंधार येथेही मिळाला आहे. काळीची अंगलट कशी होती हे शिल्पावरून ठरवणे धाडसाचे होईल. परंतु दहाव्या शतकात या पठारावर कुत्रीचे स्मारक उभे राहत होते, एवढे निश्चित. स्थानिक शिकारी कुत्र्यांत बाहेरून आलेले रक्त मिसळून आजची जात घडली असावी, हाच निष्कर्ष त्यातल्या त्यात सुरक्षित होय.

शरीर व धाव : नराची खांद्याजवळची उंची साधारण 70 सेंमी., मादीची थोडी कमी. डोके लांब व चिंचोळे, छाती खोल, पोट आत ओढलेले, कंबर बारीक. पूर्ण वेगात चारही पाय एका फेकीत दोनदा जमिनीवरून सुटतात : एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, एकदा पूर्ण ताणलेले असताना. अंगावर चरबी बेताची असल्याने शेवटच्या बरगड्या दिसतात. नवख्याला कुत्रा उपाशी वाटतो. चरबी कमी असल्यानेच अशा जातींच्या कुत्र्यांत काही भूल-औषधांचा अंमल लवकर उतरत नाही, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यकास जात आवर्जून सांगावी.

संगोपन : ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, जमेल तेव्हा अंडे, हा नेहमीचा आहार. शेतातल्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीशेजारी तो अंगाची कमान करून पडलेला असतो. दूर तुरीच्या ओळीत काही हलले की आधी कान उभे राहतात, मग मान, आणि भुंकण्याआधीच तो सुटलेला असतो. परक्याचा हात अंगावर पडलेला त्यास खपत नाही. एकाच माणसाला तो मानतो आणि त्या माणसाचा आवाज नुसता चढला तरी दिवसभर कोपऱ्यात बसून राहतो. अशा जनावरास शहरातील सदनिकेत साखळीला बांधून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आल्यावर त्याचे मूळ काम संपले. आता राखण आणि प्रदर्शन ही दोनच उरली. 2016 च्या सुमारास भारतीय सैन्याने मुधोळ कुत्रे मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतले.

दैवतसंबंध : खंडोबाच्या मूर्तीबरोबर कुत्रा असतो आणि चंपाषष्ठीस देवाचा सोबती म्हणून कुत्र्यास खाऊ घालण्याची रीत आहे. वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवतात, भुंकतात, कोटंब्यातले, म्हणजे भिक्षापात्रातले, अन्न खातात. कर्नाटकात मैलाराचे, म्हणजे खंडोबाच्या तेथील रूपाचे, गोरव हेच करतात. आतकूरच्या लेखातील गोरव हा बहुधा सामान्य शैव पुजारी असला, तरी नावाचे हे साम्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी खंडोबाचा संबंध रुद्राशी जोडला असून यजुर्वेदातील शतरुद्रीय या रुद्रस्तोत्रात कुत्र्यांना व कुत्रे बाळगणाऱ्यांना नमन आहे. मराठवाड्यात अणदूर-नळदुर्ग, छत्रपती संभाजीनगरजवळील सातारा व लोहा तालुक्यातील माळेगाव ही खंडोबाची ठाणी. माळेगावची यात्रा मार्गशीर्ष वद्यात भरते. तेथे घोडे, गाढवे यांच्या बाजाराबरोबर कुत्र्यांचे प्रदर्शन होते आणि कारवानी व पश्मी कुत्री पाहण्यास गर्दी लोटते.