महाग स्पीकरचा नाद आणि कानाची तोकडी आठवण

लातूर, नांदेड, परभणी, कुठेही जा. गाण्याचं वेड असलेल्या घरात साधारण एकच क्रम दिसतो. आधी दोन-तीन हजारांचा ब्लूटूथ स्पीकर येतो. मग कुणा मित्राकडे जुना ॲम्प (आवाजाचा विजेचा संकेत वाढवून स्पीकरला देणारं यंत्र) आणि लाकडी पेटीतले मोठे स्पीकर ऐकायला मिळतात, आणि रोज ऐकलेल्या अभंगामागे तानपुरा वाजतो आहे हे पहिल्यांदा कळतं. त्यानंतर घरचा स्पीकर गोड लागत नाही. ॲम्प येतो, मोठे स्पीकर येतात, सबवूफर येतो, शेवटी वायरीसुद्धा बदलतात. सोयाबीनच्या पट्टीतले किंवा पगारातले पैसे कुठे गेले, हे घरच्यांना सांगावं लागतं ते त्यानंतर.

मित्राकडे जे ऐकलं ते मनाचे खेळ नव्हते. काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 69 वेळा, कंप पावते. एवढा खालचा स्वर उमटवायला भरपूर हवा ढकलावी लागते, आणि दोन इंची पडद्याला ते झेपत नाही. लहान स्पीकरमधून फक्त वरचे उपस्वर येतात आणि मूळ स्वर मेंदू अंदाजाने जुळवून घेतो. मोठ्या स्पीकरवर तोच स्वर प्रत्यक्ष हवेत उभा राहतो. ज्याने तो ऐकला त्याच्या अंगावर काटा येणं स्वाभाविक आहे.

त्या काट्यामागचं रसायनही सापडलं आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की आवडत्या संगीताच्या उत्कट क्षणी मेंदूत डोपामिन, म्हणजे ओढ लावणारं रसायन, पाझरतं. ते त्या क्षणाच्या आधीही, नुसत्या चाहुलीने, पाझरतं. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांचं अनेक वर्षांचं काम याला जोडून वाचावं: हवं वाटणं आणि आवडणं यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या आहेत. म्हणूनच नवा ॲम्प पार्सलने यायचा असतो तेव्हाचे दिवस इतके भारलेले असतात, आणि तो लावल्यावर महिन्याभरात नजर पुढच्या मॉडेलवर जाते.

माझ्या मते खिसा रिकामा होण्याचं मुख्य कारण मात्र डोपामिन नाही. कानाची आठवण हे आहे. चाल वर्षानुवर्षं लक्षात राहते, गायकाचा गळाही राहतो. आवाजाचा बारीक पोत मात्र जेमतेम काही सेकंद टिकतो. कालच्या ॲम्पवर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, नेमकी किती खुलली होती, हे आज नव्या ॲम्पसमोर बसून खात्रीने सांगता येत नाही. ती रिकामी जागा मग डोळे भरतात, किंमत भरते, दुकानदाराचं ‘भाऊ, फरक बघा’ भरतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 मध्ये हेच तपासलं. तेच ऐकणारे, तेच स्पीकर. एकदा समोर ठेवून, एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरना भरघोस गुण मिळाले. पडद्याआड गेल्यावर छोट्या, स्वस्त संचाशी असलेलं त्यांचं अंतर कमी झालं.

दुकानात याला आणखी एक गोष्ट हातभार लावते. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं की आवाज बारीक असताना कान खालच्या स्वरांना बराच मंद असतो. आवाज चढला की खर्ज भरून येतो. त्यामुळे जो संच अर्धा-एक डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) मोठा वाजतो तो आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘भारी’ वाटतो. दोन संचांचा आवाज सारखा लावून घेतला नाही, तर ती तुलना कशाचीच नसते.

वॅटचंही तसंच. 50 वॅटऐवजी 100 वॅटचा ॲम्प घेतला तर फक्त 3 डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. घरात बेताच्या आवाजात ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्च होतात. वायरीसाठी घराच्या फिटिंगची अडीच एमएमची तांब्याची वायर पुरते: स्पीकर पाच मीटर लांब असला तरी 8 ओहमच्या स्पीकरपुढे तिचा रोध एक टक्क्याहून कमी भरतो.

पैसा खरोखर कामी येतो तो खोलीवर, आणि खोलीचा विचार सर्वांत शेवटी होतो. आपली जुनी घरं माळवदाची होती. मातीचं छत, जाड भिंती, खाली वाकळा. आवाज त्यात मुरायचा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या घराची धास्ती बसली, ती रास्तच होती, आणि गावोगाव स्लॅब पडले. स्लॅब, प्लास्टर आणि शहाबादी फरशी आवाजाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग शोषतात, बाकी सगळा परत फेकतात. 1895 मध्ये हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांच्याकडे अशीच अडचण आली. नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. रात्री-रात्री जागून, दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून त्यांनी घुमारा मोजला आणि त्यातून सूत्र काढलं. त्या सूत्राने 10 बाय 12 च्या, 10 फूट उंच रिकाम्या स्लॅबच्या खोलीचा घुमारा दोन सेकंदांच्या वर जातो. तबल्याचे दोन बोल त्यात वेगळे राहतीलच कसे? भिंतींवर आणि जमिनीवर मिळून 10 चौरस मीटर जाड वाकळा आणि कापसाच्या गाद्या घातल्या तर तो पाऊण सेकंदाच्या आसपास येतो. वेरूळच्या 10 क्रमांकाच्या चैत्यगृहात कुणी सूर लावला की तो कातळात लांबवर फिरत राहतो; मंत्राला ते शोभतं, द्रुत लयीतल्या तबल्याला नाही.

खर्जाला गाद्या पुरत नाहीत, तिथे जागा बदलावी लागते. मे महिन्यात 40 अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 355 मीटर असतो, म्हणून 10 फुटांवरच्या समोरासमोर भिंतींमध्ये सुमारे 58 हर्ट्झचा स्वर अडकून उभा राहतो. भिंतीला टेकून बसलं तर तो दणकतो, मधोमध बसलं तर जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची दोन-तीन फूट सरकवून जेवढा फरक पडतो तेवढा ॲम्प बदलून पडत नाही.

तरीही नवा ॲम्प घ्यायचा असेल तर आधी तो घरी आणून मित्राला मदतीला घ्यावं. त्याने चादरीआड नवा-जुना ॲम्प नाणं उडवून बदलायचा, दोन्हींचा आवाज मीटरने सारखा ठेवायचा, आणि आपण प्रत्येक वेळी नवा कोणता ते सांगायचं. दहापैकी नऊ किंवा दहा वेळा बरोबर सांगता आलं, तर ते नुसत्या अंदाजाने जमण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास आहे; तो फरक खरा धरावा आणि ॲम्प ठेवून घ्यावा. सहा-सात बरोबर आले, तर तेवढे नाण्यालाही येतात. तो परत करून आधी पिंजाऱ्याकडे जावं.