पेज की बाटली?

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वॉर्डात दुपारच्या वेळी उभं राहिलं की एक विनवणी हमखास ऐकू येते: "डाक्टरांनू, येक बाटली लावा मां, आंगात ताकद नाय." त्याच खाटेखाली डब्यात घरून आणलेली उकड्या तांदळाची पेज निवत असते. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ८५ कॅलरी. साध्या सलाईनमध्ये तर एकही नाही. मूठभर तांदळाच्या पेजेत त्याहून जास्त असतं.

अर्थात खरी शिरेतून जेवण देणारी बाटली वेगळी. तिचा शोध मोठाच होता. साठच्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियात शल्यचिकित्सक स्टॅनली डड्रिक यांनी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांना केवळ हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून अन्न देऊन वाढवलं. १९६८ साली ते काम छापून आलं. ज्याचं आतडं जन्मतःच बंद आहे किंवा कापून काढावं लागलं, त्याला जगवण्याची वाट यामुळे उघडली. मग मात्र उत्साह वाढला. ऑपरेशन झालं, स्वादुपिंडाला सूज आली, की 'पोटाला विश्रांती' म्हणून तोंड बंद आणि शिरेतून पोषण, ही पद्धत मोठ्या रुग्णालयांत रुळली.

विश्रांती घेणाऱ्या आतड्याचं काय होतं, हे मागाहून कळलं. लहान आतड्याच्या भिंतीत लिम्फोसाइट या रोगाशी लढणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. स्वित्झर्लंडच्या योहान कॉनराड पायर यांनी १६७७ सालीच त्यांचं वर्णन केलं होतं, पण ते पुंजके कशासाठी आहेत हे कळायला जवळजवळ तीनशे वर्षं गेली. पोटात आलेल्या अन्नाची आणि जंतूंची ओळख या पेशी तिथे करून घेतात, रक्तात उतरतात आणि पुन्हा श्लेष्मल त्वचेकडे, म्हणजे शरीराच्या आतल्या ओलसर अस्तराकडे, परततात. परतताना सगळ्या आतड्याकडेच जात नाहीत. काही श्वसनमार्गात जातात, काही स्तनात. तिथे त्यांच्यामुळे आयजीए नावाचं प्रतिपिंड तयार होतं, जे जंतूंना अस्तराला चिकटू देत नाही.

उंदरांना शिरेतून पोसलं तर हे पुंजके आक्रसतात आणि आतड्यातलं नि श्वासनलिकेतलं आयजीए घटतं. तोंडाने खायला दिलं की काही दिवसांत सगळं पूर्ववत होतं. अमेरिकेतले शल्यचिकित्सक केनेथ कुडस्क यांनी ऐंशीच्या दशकात तेच द्रावण काही उंदरांना पोटातून आणि काहींना शिरेतून दिलं, नंतर पोटात जंतुसंसर्ग घडवला. पोटातून जेवलेले जास्त वाचले. द्रावण तेच होतं, फरक फक्त वाटेचा.

आपल्याकडे खाडीकाठचा खारबांध दरवर्षी डागडुजी मागतो. एक पावसाळा दुर्लक्ष झालं तरी खांड पडते आणि खारं पाणी भातात शिरतं. आतड्याचं अस्तर मला तसंच वाटतं, फक्त त्याची डागडुजी अन्नच करतं.

माणसातला पुरावा १९९२ चा. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये पोटाला मोठी इजा झालेले ९८ रुग्ण कुडस्क यांनी दोन गटांत वाटले: निम्म्यांना आतड्यात घातलेल्या नळीतून जेवण, निम्म्यांना शिरेतून. न्यूमोनिया नळीच्या गटात सुमारे १२ टक्के, शिरेच्या गटात ३१ टक्के. जेवण पोटात आणि फायदा फुप्फुसाला, हे चमत्कारिक वाटतं खरं, पण वर सांगितलेल्या फिरत्या पेशी आठवल्या की कोडं थोडं सुटतं. दाहाबद्दल, म्हणजे शरीरातल्या सुजेबद्दल, मला जास्त बोलका वाटतो तो १९९८ चा ब्रिटिश अभ्यास. स्वादुपिंडाचा तीव्र दाह असलेले अवघे ३४ रुग्ण होते. दाह मोजणारं सीआरपी नळीने जेवलेल्यांत उतरलं, शिरेतून पोसलेल्यांत तसंच राहिलं. ज्या रोगात पोट बंद ठेवण्याचा दंडक सर्वांत कडक होता, तिथेच तो मोडला.

पण याची आरतीही नको. २०१४ साली इंग्लंडमध्ये अतिदक्षता विभागातल्या २,४०० रुग्णांवर दोन्ही वाटा तपासल्या, तेव्हा ३० दिवसांतल्या मृत्यूंत फरक दिसला नाही. जुन्या काळी शिरेतून साखर भरमसाट ओतली जाई आणि शिरेत नळी घातलेल्या ठिकाणाहून जंतू शिरत. जुन्या अभ्यासांत शिरेची वाट वाईट ठरली, तो दोष काही अंशी तरी वाटेपेक्षा हाताळणीचा असावा. २०१८ सालच्या २,४१० रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत तर उलटा इशारा मिळाला. रक्तदाब कोसळलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना लवकर आणि पूर्ण प्रमाणात नळीतून जेवण दिल्यावर आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रकार वाढले; दोन टक्क्यांच्या आसपास, पण शिरेच्या गटापेक्षा जास्त. संसर्ग काही कमी झाले नाहीत.

म्हणून आज रुग्ण स्थिर असेल आणि आतडं चालत असेल, तर एक-दोन दिवसांत नळीतून थोडं थोडं सुरू करतात. रक्तदाब सावरत नसेल तर थांबतात. आतडं अडलेलं किंवा फुटलेलं असेल, तर शिरेतून जेवण देणाऱ्या बाटलीला पर्याय नाही. आणि नळी लागलेल्या रुग्णासाठी घरून पेज आणणाऱ्या मावशींना सिस्टर एवढंच सांगते, "गाळून आणा, मावशी, शीत अडकतं."