युवा कलावंत शिष्यवृत्ती: अर्ज कोणी करावा, कागद कोणते जोडावेत

गोंधळात पाच-सहा वर्षं संबळ वाजवणाऱ्या मुलाला शिक्षण विचारलं, तर तो 'दहावी' म्हणतो. संबळाचं नाव काढत नाही. तेही शिक्षणच आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची युवा कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती मात्र नेमकं हेच शिक्षण धरते. ज्यांच्या घरी पोरगं अठरा वर्षांचं झालं की कामाला लाव असं म्हणतात, अशा मुलामुलींपर्यंत ही योजना पोहोचायला हवी, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

निवड झालेल्या कलावंताला दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये मिळतात. शिष्यवृत्त्या ४०० आहेत. नवी दिल्लीतलं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, योजना राबवतं. राहणं, गुरूकडे जाण्या-येण्याचं भाडं, पुस्तकं, वाद्य किंवा रंगसाहित्य, शिकवणीची फी असा खर्च यातून करायचा असतो. एवढ्यात घर चालणार नाही, पण रियाज सोडून रोजंदारीवर जायची वेळ तरी टळू शकते.

अर्जदार भारतीय नागरिक हवा आणि वय १८ ते २५ च्या दरम्यान हवं. वय १ एप्रिलला मोजतात. कोणत्या वर्षीचा १ एप्रिल, ते जाहिरातीत दिलेलं असतं. वयात सवलत नाही, त्यामुळे चोविशी गाठलेल्यांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नये. शास्त्रीय गायन-वादन, शास्त्रीय नृत्य, नाटक, मूकाभिनय, चित्र-शिल्पासारख्या दृश्यकला, उपशास्त्रीय संगीत आणि लोककला हे सगळे विभाग यात येतात. लोककलेत लोकनाट्य, लोकनृत्य, लोकगीतं, बाहुल्यांचा खेळ धरला जातो. नाटकात अभिनय, दिग्दर्शन चालतं. नाट्यलेखन आणि संशोधन चालत नाही.

खरी अट पुढे आहे. ही शिष्यवृत्ती नवशिक्यांसाठी नाही. गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं, आणि तसं प्रमाणपत्र गुरूच्या सहीनं जोडावं लागतं. आधी दुसऱ्या गुरूकडे शिकला असाल तर त्यांचंही घ्यायचं. आपली मुलं अडतात ती इथंच. तमाशाच्या फडात, वस्तीवर, भजनी मंडळात शिकलेल्याकडे ना पावती असते ना हजेरीपट. एका ढोलकीवाल्या मुलाचा अर्ज मी भरून देत होतो. उस्तादांनी प्रेमानं लिहून दिलं होतं, 'मुलगा गुणी आहे, हात गोड आहे.' केव्हापासून शिकतोय, याचा पत्ताच नाही. कागद पुन्हा लिहून घेतला: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, काय शिकवलं, सध्या काय चालू आहे. खाली सही, नाव, पत्ता, तारीख. गुरूंना लिहिता येत नसेल तर मजकूर तुम्ही लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि मग त्यांची सही घ्या. वर्षं मात्र खरी लिहा. समितीसमोर दोन मिनिटं वाजवलं की पाच वर्षांचा हात कळतो.

बाकीचे कागद तसे साधे आहेत. वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र किंवा जन्मदाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रं, पासपोर्ट आकाराचा फोटो, आणि चित्रकार-शिल्पकारांसाठी स्वतःच्या कामाचे फोटो. आधार आणि बँक पासबुकही हाताशी असू द्या. दाखला, आधार, पासबुक या तिन्हीकडचं नाव एकच आहे ना, हे आधी तपासा. दाखल्यावर 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब' असेल तर ते जाहिरात येण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या.

जाहिरात आली की सीसीआरटीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज भरायचा. विभाग निवडताना घाई नको, कारण परीक्षा त्याच विभागात होते. अर्ज मान्य झालेल्यांना तज्ज्ञ समितीपुढे मुलाखत आणि सादरीकरणासाठी बोलावतात. तिथे नुसतं वाजवून भागत नाही. आपल्या कलेशी जोडलेल्या कलांची माहिती असावी, हे नियमातच आहे. लावणी नाचणाऱ्या मुलीनं ताल हातावर धरून दाखवता येईल एवढी तयारी करावी. गाणाऱ्यानं आपण गातो ती चीज, म्हणजे ती रचना, कुठल्या परंपरेतली, हे नीट बोलायला शिकावं. मराठी मुलं बोलताना बुजतात, म्हणून दोन-चार ओळखीच्या माणसांसमोर आधी सराव करा.

निवडीनंतर पैसे महिन्याला येत नाहीत, सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत येतात. प्रत्येक सहामाहीला गुरूच्या सहीचा प्रगती अहवाल पाठवावा लागतो आणि तो रखडला की हप्ताही रखडतो. पहिला हप्ता यायच्या आधीच्या महिन्यांची सोय घरी बोलून ठेवा.

घरात १० ते १४ वर्षांचं धाकटं भावंड शिकत असेल तर सीसीआरटीचीच सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती त्याच्यासाठी आहे. पिढीजात कलेवर जगणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांसाठी त्यात वेगळ्या जागा ठेवलेल्या आहेत. त्यानं शिकायला सुरुवात केली ती तारीख आजच वहीत लिहून ठेवा, पुढे पाच वर्षांच्या प्रमाणपत्राला ती लागेल.