प्रादेशिक मलनिस्सारण योजना (गोवा)

शेजारच्या लहान गावांचे सांडपाणी एकाच नळजालातून नेऊन एकाच केंद्रात शुद्ध करण्याची व्यवस्था. गोव्यात तिची गरज जमिनीमुळे आहे. जांभ्याला भेगा असतात आणि किनारी वाळूत भूजल वरच असते, त्यामुळे शोषखड्ड्यातली घाण विहिरीत उतरते. घरजोडणीला २००८ च्या राज्य कायद्याचा आधार आहे.

चार गावांची वस्ती १५,००० धरली, तर माणशी १३५ लिटर पाणी व त्याच्या ८० टक्के सांडपाणी या हिशेबाने रोज १६.२ लाख लिटर मैलापाणी येते. सकाळी सगळ्यांच्या मोऱ्या एकदम वाहतात, म्हणून नळ तिप्पट प्रवाहाला, सेकंदाला सुमारे ५६ लिटरना, पुरावे लागतात.

गाळ बसू नये म्हणून वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर हवा. त्यासाठी १५० मिमी नळाला सुमारे १:१७० उतार लागतो. सपाट गावात किलोमीटरभरात नळ ६ मीटर खाली जातो आणि तेवढे खणताना वाळूतून पाणी फुटते. म्हणून मधे पंपघरे. त्यांना जागा मिळवणे हेच सर्वांत वेळखाऊ काम: जमीन कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी गावसंस्था) नाहीतर खाजगी, आणि मैल्याचे पंपघर कोणालाच दाराशी नको.

शेवटच्या पंपघराचा ३४,००० लिटरचा हौद सरासरी प्रवाहाने अर्ध्या तासात भरतो, सकाळच्या गर्दीत दहा मिनिटांत. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर मैला चेंबरची झाकणे उचलून रस्त्यावर येतो. दुसरा पंप नुसता बसवून भागत नाही, आळीपाळीने चालवावा लागतो. पंप अडकतो तो बहुधा चिंध्या, सॅनिटरी पॅड आणि नारळाच्या सोडणाने.

खरी डोकेदुखी पावसाळा. लोक छपराच्या पागोळ्या आणि अंगणातले पाणी गुपचूप मलवाहिनीच्या चेंबरात सोडतात, जुन्या सांध्यांतून भूजलही शिरते. पहाटे २ ते ४ ला, गाव झोपलेले असताना, चेंबरात प्रवाह मोजावा. तेव्हा वाहते ते बहुतेक बाहेरचे पाणी. मे आणि जुलैतले पंपांचे तास शेजारी मांडले की कोणत्या वाड्यावरून ते येते ते कळते.

दाबनळ (पंपाने मैला ढकलला जातो तो नळ) जिथे उतारी नळात रिकामा होतो त्या चेंबरात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. काँक्रीटचा माथा भुसभुशीत होतो, लोखंडी पायऱ्या गळतात. नळातला अडथळा जेटिंग मशीन (जोराच्या पाण्याचा फवारा मारणारे यंत्र) व सक्शन टँकरने काढतात. माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.