शाहतूशबंदीनंतरचा पश्मिना : पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याच्या बाजारात थंडीत शाल अंगठीतून ओढून ‘अस्सल पश्मिना’ म्हणून खपवली जाते. ही अंगठीची ख्याती मुळात शाहतूशची, म्हणजे आता बंदी असलेल्या त्याहून तलम लोकरीच्या शालीची. रेशमाची किंवा व्हिस्कोसची पातळ शालही अंगठीतून आरामात निघते, म्हणजे या परीक्षेला तसा अर्थ नाही.

मुघल दरबार, लडाखमार्गे येणाऱ्या कच्च्या मालाची मक्तेदारी ठरवणारा लडाख आणि तिबेट यांच्यातला 1684 चा तह, नंतर युरोपातली हौस, हा इतिहास सर्वश्रुत आहे. अस्सल-नकली पश्मिन्याचा आजचा घोळ मात्र अलीकडचा.

शाहतूश तिबेटी पठारावरच्या चिरू या हरणासारख्या रानटी प्राण्याचा. तंतू 9 ते 12 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एका जनावरामागे जेमतेम 125-150 ग्रॅम, त्यामुळे एका शालीला 3 ते 5 चिरू लागतात. झुडपांना अडकलेली लोकर वेचून आणतात, असं व्यापारी वर्षानुवर्षं सांगत राहिले. प्रत्यक्ष पाहणीत ती थाप निघाली: चिरू मारल्याशिवाय लोकर मिळत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1979 मध्ये पूर्ण बंदी आली. देशाच्या 1972 च्या वन्यजीव कायद्यातही चिरू पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत होता, पण तो कायदा जम्मू-काश्मीरला लागू नव्हता. तिथल्या 1978 च्या स्वतंत्र कायद्यात पळवाट राहिली. परिणामी दिल्लीत विकणं गुन्हा आणि श्रीनगरात विणणं चालू, असा प्रकार 2002 च्या दुरुस्तीपर्यंत चालला. बंदी योग्यच होती. पण शिकारी आणि दलाल राहिले बाजूला, मार बसला कातणाऱ्या बायकांना आणि विणकरांना. पश्मिन्यात तेवढी मजुरी नव्हती.

पश्मिना चांगथांगी शेळीचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती विंचरतात. जाड केस काढल्यावर हाती राहतात 80 ते 170 ग्रॅम, 12 ते 16 मायक्रॉनचे. हे सूत यंत्रमागाचा ताण सोसत नाही. म्हणून कातताना नायलॉन मिसळतात आणि विणून झाल्यावर ते आम्लात विरघळवतात. त्यात तंतूही दुबळा होतो आणि शाल लवकर विरते. काश्मिरी पश्मिन्याच्या 2008 च्या भौगोलिक मानांकनात म्हणूनच हातकताई, हातमाग आणि 16 मायक्रॉनची मर्यादा आली.

घरी पाहायचं तर झालरीचा एक धागा जाळावा. ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते, व्हिस्कोस कागदासारखा पेटतो, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. मात्र एवढ्याने लोकर ठरते, पश्मिना नव्हे. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या घोंगडीचा धागाही असाच जळतो. जाडी मोजायला सूक्ष्मदर्शकच लागतो.