गट्टू बसवण्याआधीचं गणित

"फुटपाथ करून उपयोग काय? लोक शेवटी रस्त्यावरूनच चालतात." छत्रपती संभाजीनगरात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा. एकदा सिडकोतल्या एका फुटपाथवरून मुद्दाम शेवटपर्यंत चालायचं मी ठरवलं. आधी डीपी आडवी आली. (विजेची डीपी, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी. रस्त्याची डीपी म्हणजे विकास आराखडा, तो वेगळा. दोन्हींचा फुटपाथशी संबंध आहे हा योगायोग.) मग एका बंगल्याचा गाडी चढवायचा उतार, मग कडुनिंबाभोवतीचा ओटा, मग तिरक्या लावलेल्या दुचाक्या. चौथ्यांदा खाली उतरलो तो परत वर चढलोच नाही. पाय फार हिशेबी असतात. दर वीस पावलांनी गुडघाभर चढ-उतार करण्यापेक्षा ते रिक्षाच्या चाकाशेजारून सरळ जाणं पसंत करतात.

म्हणून नवा फुटपाथ कुठे करायचा हा प्रश्न जागा आणि निधी एवढ्यावर सुटत नाही. वाढणाऱ्या शहरात फुटपाथ नसलेले रस्ते शेकडो किलोमीटर निघतात आणि अंदाजपत्रकात पैसे त्यातल्या मोजक्यांपुरते असतात. आधी कोणाचा नंबर? आपल्याकडचं नेहमीचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे: ज्या वॉर्डाचा आवाज मोठा त्याचा, किंवा जिथे रस्ता आधीच रुंद आहे त्याचा. यापेक्षा बरं उत्तर शोधायची एक पद्धत नगरनियोजनात आहे आणि तिचं गणित शाळकरी आहे: प्रत्येक रस्त्याला मागणी, धोका आणि जोड या तीन बाबींवर गुण द्यायचे.

पहिली बाब मागणीची. माणूस नेहमीच्या चालीने मिनिटाला सुमारे 80 मीटर जातो, म्हणजे पाच मिनिटांत 400 मीटर. शाळा, दवाखाना, भाजीबाजार, बसथांबा यांच्याभोवती नकाशावर एवढ्या अंतराची वाट आखली की कुठे पाय पडणार याचा अंदाज येतो. वर्तुळ काढून भागत नाही; मधे रेल्वेरूळ किंवा नाला असेल तर समोर दिसणारी शाळाही दूर असते. 2011 च्या जनगणनेने लोक कामावर कसे जातात हे विचारलं, तेव्हा घराबाहेर कामाला जाणाऱ्या शेतीबाह्य कामगारांपैकी देशभरात साधारण एकतृतीयांश पायी जाणारे निघाले. यात शाळकरी मुलं नाहीत, भाजीला निघालेल्या बायका नाहीत आणि देवळात जाणारे म्हातारेही नाहीत.

मोजणी कधी करता यावर बरंच ठरतं. लातूर घ्या. शिकवण्यांच्या भागात तुकडी सुटली की दहा मिनिटं रस्ता दप्तरांनी भरून जातो आणि मग ओस पडतो. सकाळी अकराला, कार्यालयाच्या सोयीने, मोजायला उभा राहिलेला माणूस "पादचारी विरळ" असं प्रामाणिकपणे लिहून जाईल. त्याहून अवघड आहे न दिसणारी मागणी. अर्ध्या किलोमीटरसाठी शेअर रिक्षात बसणारी आजी किंवा वडिलांच्या मोटारसायकलवर शाळेला जाणारी पाचवीतली मुलगी पादचाऱ्यांच्या मोजणीत येतच नाही. रस्ता जितका वाईट तितकी मोजणी कमी, आणि मोजणी कमी म्हणून रस्ता तसाच. हे चक्र तोडायचं तर प्रत्यक्ष आकड्यासोबत आसपास किती लोक राहतात, किती घरांत वाहन नाही, हेही जमेला धरावं लागतं.

दुसरी बाब धोक्याची. 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली 32,825 पायी चालणारी होती. इथे भौतिकशास्त्र निष्ठुर आहे: वेग दुप्पट झाला की वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी 30 किलोमीटरला ज्या धडकेतून माणूस हात मोडून सुटतो, तिच्यातून 60 ला बहुधा सुटत नाही. रस्ता ओलांडण्याची सोय कुठे हवी हे ठरवायला आपले अभियंते वर्षानुवर्षं एक सूत्र वापरत आले आहेत: तासाला ओलांडणारी माणसं गुणिले तासाला येणाऱ्या वाहनांचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार 10 कोटींच्या वर गेला की काहीतरी करायलाच हवं. समजा 400 माणसं आणि 600 वाहनं. उत्तर येतं 14 कोटी 40 लाख. वाहनांचा वर्ग का, तर वाहनं वाढली की मधली फट माणसांच्या संयमापेक्षा लवकर संपते.

अपघातांच्या नोंदी मात्र जपून वाचाव्यात. एखाद्या चौकात एका वर्षी तीन अपघात झाले आणि पुढच्या वर्षी एक, तर मधे काहीही न करता हे घडू शकतं. लहान आकडे तसेच उड्या मारतात. म्हणून एका वर्षाच्या बातमीपेक्षा अनेक वर्षांची नोंद आणि वाहनांचा वेग जास्त विश्वासार्ह.

तिसरी बाब माझ्या मते सर्वात महत्त्वाची आणि सर्वात दुर्लक्षित: जोड. एक किलोमीटर वाटेपैकी 920 मीटर उत्तम फुटपाथ आहे आणि मधले 80 मीटर, नेमके नाल्यावरच्या पुलाचे, मोकळे आहेत. कागदावर काम 92 टक्के झालं. पण चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी ती वाट बंदच आहे. आमच्या शहरात खाम नदीवर मकाई गेट, बारापुल्ला आणि महेमूद दरवाजाला जोडलेले जुने अरुंद पूल आहेत. दोन्ही काठांना कितीही गट्टू (फुटपाथचे सिमेंटचे ठोकळे) बसवा, अशा अरुंद पुलावर चालणारा रिक्षा आणि कठड्याच्या मधे सापडतोच. वारसा वास्तू असलेला पूल सहजी रुंदही करता येत नाही. अशा ठिकाणी पायी चालणाऱ्यांसाठी शेजारून वेगळा छोटा पूल शेकडो मीटर फुटपाथपेक्षा जास्त कामाचा ठरेल. उद्घाटनाच्या पाटीवर मात्र किलोमीटर शोभून दिसतात.

आता या तिन्ही बाबींना दहापैकी गुण द्या. समजा रुंद रस्ता 'अ': मागणी 8, धोका 8, जोड 2. शाळा ते बसथांबा अशी तुटकी वाट 'ब': मागणी 6, धोका 5, जोड 9. सरळ बेरीज केली तर अ ला 18, ब ला 20. पण मागणी आणि धोका यांना दुप्पट वजन दिलं तर अ ला 34, ब ला 31. रस्ते तेच, नंबर उलटा. म्हणजे खरा निर्णय वजनांमध्ये दडलेला आहे. ती वजनं रस्ते मोजण्याआधी ठरवून जाहीर करावीत, नाहीतर हव्या त्या रस्त्यासाठी हवं ते वजन नंतर सापडतं.

यादी झाल्यावर जमीन बोलायला लागते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं निदान 1.8 मीटर मोकळी रुंदी मागतात, म्हणजे चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी जातील एवढी. आणि काठाची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको म्हणतात. ले-आउटमधल्या 9 मीटर रस्त्यावर दोन्ही बाजूंनी हे केलं की वाहनांना 5.4 मीटर उरतात, चालून जातं. गुंठेवारीतल्या (गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून वसलेल्या वस्तीतल्या) वीस फुटी गल्लीत हेच केलं तर मधे अडीच मीटर राहतील. तिथे फुटपाथचा हट्ट सोडून वाहनांचा वेग माणसाच्या चालीजवळ आणणं शहाणपणाचं. मोठ्या रस्त्यांवर मराठवाड्यातही हे काम झालेलं आहे: 2008 च्या शिखांच्या गुरुता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडने आपले काही प्रमुख रस्ते फुटपाथ आणि झाडांसकट नव्याने बांधले. सावली ही इथे शोभेची गोष्ट नव्हे. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की बिनझाडाचा फुटपाथ दुपारभर रिकामाच असतो.

राहिली काळी माती. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, सुकली की भेगाळते. गट्टूंखाली ओल सगळीकडे सारखी नसते. नालीकडची कड भिजते, मधला भाग कोरडा राहतो आणि फुटपाथ लाटेसारखा होतो. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा जमिनीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबलेला थर द्यायची पद्धत विकसित केली. कालव्यांसाठी ती वापरली गेली. फुटपाथला एवढंही लागत नाही. काळी माती काढावी, मुरूम थराथराने पाणी मारून दाबावा, नालीची गळती आधी बंद करावी. यातलं काहीच वरून दिसत नाही, त्यामुळे घाईत हेच पहिलं गळतं. आणि घाई मार्चअखेरीस असते, माती वाळून आकसत असताना. बिल निघतं, उन्हाळा जातो, आणि मृगाचा पाऊस पडला की माती आपली मूळ जागा परत घेते.