पिंपातले विसर्जन आणि घरातल्या पाळ्या

सोसायटीच्या आवारात दोनशे लिटरचे निळे पिंप ठेवून घरगुती गणपतींचे विसर्जन करणे ही शहरांत आता नवलाई राहिलेली नाही. पिंप आणणारे मिळतात, त्याला फुलांची माळ घालणारे मिळतात, फोटो काढणारे तर मिळतातच. कमी पडतात ते ढवळणारे. पावडर घातलेल्या पाण्यात पीओपीची मूर्ती विरघळायला साधारण ४८ तास लागतात आणि त्या काळात दर दोन-तीन तासांनी कुणीतरी काठी घेऊन खाली उतरावे लागते. एकटा उत्साही माणूस पहिल्या रात्रीच थकतो. घरच्यांनी मिळून करायची सेवा म्हणून हे काम चांगले जमते, ते यामुळेच: पहाटे पाचची पाळी फिरायला निघणाऱ्या आजोबांची, शाळा सुटल्यावरची मुलांची, रात्री बाराची ज्याला तसेही जागायचे असते त्याची.

मुळात पिंपात पावडर का घालायची? पीओपी पाण्याशी मिळून घट्ट झाले की त्याचे जिप्सम होते, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. तीन किलोच्या मूर्तीला हिशेबाने बाराशे लिटर पाणी हवे. म्हणून नुसत्या पाण्याच्या पिंपात ती महिनाभरही तशीच उभी दिसते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय पुढे आणला आणि पुणे महापालिकेने ती पावडर नागरिकांना मोफत वाटली. बिस्किटे फुगवायला बेकरीत वापरतात तीच ही पावडर. जिप्सम आणि अमोनियम बायकार्बोनेट यांच्या अभिक्रियेतून खाली बसणारा कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका, पाण्यात राहणारे अमोनियम सल्फेट आणि बुडबुड्यांनी निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड मिळतो.

प्रमाण सोपे आहे: जेवढे मूर्तीचे वजन, तेवढीच पावडर. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो जिप्समला सुमारे ९२० ग्रॅम पुरतात. वरचे थोडे हवेत उडून जाण्यासाठी धरलेले. पाणी मात्र हात आखडून घेऊ नये. ही पावडर लिटरभर पाण्यात दोनशे ग्रॅमच्या आसपास विरघळते, म्हणजे एका किलोला कमीत कमी पाच लिटर पाणी. सरासरी तीन किलोच्या बारा मूर्ती धरल्या तर पावडर ३६ किलो आणि पाणी १८० लिटर. दोनशे लिटरच्या एका पिंपात हे बसेल असे वाटते आणि नेमके तिथेच चुकते. एक किलो जिप्सममागे सुमारे १४० लिटर वायू बाहेर पडतो. पिंप काठोकाठ भरले असेल तर फेस उतू जाऊन आवारभर पसरतो. पिंप दोन-तृतीयांशच भरायचे, म्हणजे बारा मूर्तींना दोन पिंपे. पावडरही एकदम न ओतता निम्मी आधी आणि निम्मी पाच-सहा तासांनी घालावी.

पावडर विरघळताना पाण्यातली उष्णता शोषून घेते. बादली बाहेरून गार लागते, ते मुलांना हात लावून बघू द्यावे. पावडर ओतण्याचे काम मात्र मोठ्यांचे, हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत. अमोनियाचा वास नाकात झोंबतो, आणि बंद न्हाणीघरात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये कार्बन डायऑक्साइड साचून राहतो. पिंपाला घट्ट झाकण कधीच लावू नये. वर जाळी बांधावी. लवकर व्हावे म्हणून गरम पाणी घेणारे असतात, पण ऊन पाण्यात पावडरच फुटून वायू होऊन जाते. आठवडाभर आधी फोडून ठेवलेल्या पुडीचेही तेच होते, वजन आपोआप घटलेले आढळते. पिंप प्लास्टिकचेच हवे. तांब्या-पितळेचे ताम्हण त्यात बुडवू नये. अमोनियामुळे तांबे झिजते आणि पाणी निळे होते.

आता ढवळण्याचे. तयार होणारे कॅल्शियम कार्बोनेट मूर्तीच्याच अंगावर पातळ थर धरून बसते. तो थर हलला नाही तर आतल्या जिप्समपर्यंत द्रावण पोचत नाही आणि बुडबुडे थांबतात. लोकांना वाटते, पावडर संपली. मग आणखी एक पुडी ओततात आणि वास तेवढा वाढतो. बुडबुडे थांबले की आधी लाकडी काठीने तळापासून साका उचलून ढवळावे, पाच मिनिटे तरी. दुसरी अडचण रंगाची. ऑइलपेंटचा थर पाणी आत शिरू देत नाही, पण बहुतेक मूर्ती आतून पोकळ असतात आणि तळाशी रंग नसतो. मूर्ती सरळ सोडली तर आत हवा कोंडून ती तरंगते. थोडी कलती करून हवा बाहेर काढली की द्रावण आतून काम सुरू करते. उत्तरपूजा घरी झालेली असते, त्यामुळे कलती करताना कुणी कचरत असेल तर त्या घरच्यांच्याच हातून करून घ्यावे. शेवटी उरतो तो रंगाचा पापुद्रा आणि पीओपीत घातलेला काथ्या. हे चाळणीने काढून वेगळे ठेवायचे.

शाडूच्या मूर्ती या पिंपात घालू नयेत, त्यांना साधे पाणी पुरते. ओळखायची खूण: मूर्तीच्या तळाला ओले बोट घासावे. शाडू चिकट होऊन बोटाला लागतो, पीओपी पांढरे आणि टणक राहते. निर्माल्यही वेगळेच. दोरे आणि जरी काढून ते सुक्या पाल्यात थराथराने घातले की झाले.

काम पुरे झाले का, हे मुलांना तपासता येते. तळातला चमचाभर साका तीन-चार पाण्यांनी धुऊन घ्यावा, कारण उरलेली पावडरही फसफसते. मग त्यावर लिंबू पिळावे. कॅल्शियम कार्बोनेट फसफसते, जिप्सम गप्प बसते. तळात हाताला खडे लागले आणि लिंबाने ते फसफसले नाहीत, तर आणखी अर्धा दिवस ढवळावे लागेल.

वरचे पाणी हे खतच आहे. अमोनियम सल्फेटमध्ये २१ टक्के नत्र असते. पण पिंपातले द्रावण एवढे तीव्र असते की तसेच कुंडीत ओतले तर झाड करपते. एक मग द्रावणाला वीस मग पाणी, तेही आवारातल्या मोठ्या झाडांना. मूर्तीच्या रंगात शिसे-क्रोमियम असू शकते, म्हणून भाजीपाल्याला अजिबात नाही. तळ्यात किंवा नाल्यात ओतणे तर वेडेपणा. ज्या तळ्याला मूर्तीपासून वाचवले त्यातल्याच जलपर्णीला आपण खत घातल्यासारखे होईल. साका वाळवून फरशीखालच्या भरावात टाकता येतो.

पावडरीऐवजी खाण्याचा सोडा चालेल का, असे हमखास विचारले जाते. मूर्ती त्यानेही विरघळते, पण पाण्यात सोडियम सल्फेट उरते. सोडियमने माती चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते, आणि मग ते पाणी टाकायचे कुठे हा प्रश्न राहतोच.

दीड दिवसांच्या मूर्तींचे पिंप चौथ्या दिवशी मोकळे होते. पाच दिवसांचे गणपती आणि गौरी-गणपती मात्र अनेकदा लागोपाठ येतात, तेव्हा जास्तीची पिंपे आधीच मागून ठेवावीत. दोन खेपांच्या मधे पिंप ब्लीचिंग पावडरने धुऊ नये. अमोनियाशी तिची गाठ पडली तर क्लोरामाइन हा विषारी वायू तयार होतो. साधे पाणी आणि नारळाची शेंडी पुरते.